हरकत नाही

चहाच्या रांगेत ती उभी होती आणि तिच्या पाठीमागे कोणीतरी तिच्याच आवाजात हसलं. आधी तिला वाटलं, आपणच हसलो. हात आपोआप गळ्याकडे गेला, कॉलरखालच्या त्या आडव्या, आता पांढुरक्या पडलेल्या रेघेवर टेकला, आणि तिथे काहीच हललेलं नव्हतं. हसणं संपल्यावर तोच आवाज बोलायला लागला. भरदार, थोडासा घाईतला, वाक्याच्या शेवटी वर उचलला जाणारा. ‘कोणाला बोलावणं म्हणजे काय? तुम्ही आला नाहीत तर माझी संध्याकाळ अपुरी राहील, एवढंच सांगायचं असतं. बाकी सगळी सजावट.’ मग पुन्हा ते हसणं, आणि मागच्या कोणाच्या तरी फोनवरचा तो तुकडा थांबला. कॉलेजच्या कँटीनमध्ये नेहमीचा कालवा चालू होता, ताटल्या आदळत होत्या, पुढचा माणूस सुट्ट्यांसाठी खिसे चाचपत होता. तिने मागे वळून पाहिलं नाही. वळली असती तर फोनवाल्या मुलाने ‘गुड मॉर्निंग मॅडम’ म्हटलं असतं, तिला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि मग त्याला एकाच वेळी दोन्ही आवाज ऐकू आले असते. तो विचार तिला सहन झाला नाही. कप घेऊन ती खिडकीशी जाऊन बसली आणि चहावर साय धरेपर्यंत बसून राहिली.

गळ्यातली गाठ काढली त्याला आता वर्ष होऊन गेलं होतं. गाठ वाईट निघाली नाही, शस्त्रक्रियाही नीट झाली, पण गाठ जिथे बसली होती तिथूनच आवाजाची नस जात होती आणि ती दुखावली. असं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, तिने मान डोलावून सहीही केली होती. तेव्हा आवाज ही आपली वस्तू आहे, ती हरवू शकते, असं कुठे वाटलं होतं? भूल उतरल्यावर तिने नवऱ्याला हाक मारली तर तोंडातून नुसती हवा आली. पुढे महिने गेले, व्यायाम झाले, हवेला थोडा खरखरीत काठ आला. आता ती बोलायची ते दार नीट न लागणाऱ्या खोलीतून वारा यावा तसं. लांब वाक्य मध्येच तुटायचं. ताई, तिची मोठी बहीण, दवाखान्यात म्हणाली होती, ‘जिवावरचं आवाजावर निभावलं म्हणायचं,’ आणि सगळे हसले होते. तीही हसली होती. तेव्हाच तिला कळलं की हसण्यालाही आवाज लागतो. तोंड उघडतं, खांदे हलतात, डोळ्यांत पाणीसुद्धा येतं, पण बाहेर पडतो तो नुसता उसासा. तेव्हापासून ती चारचौघांत हसणं टाळायची. वर्गात पडद्यावर मुद्दे लावून ठेवायची, फळ्यावर लिहायची, घसा दुखतोय असा चेहरा करायची. आणि लोक फार चांगले होते. विभागातल्या सहकाऱ्यांनी तिच्या मोठ्या वर्गातली व्याख्यानं न सांगता वाटून घेतली. मुलं तिच्या तासाला टाचणी पडली तर ऐकू येईल अशी बसायची. फोन करण्याऐवजी सगळे मेसेज करायचे. तिच्यासमोर आवाज या विषयावर कोणी अवाक्षर काढत नव्हतं. या चांगुलपणाबद्दल ती सगळ्यांची मनापासून ऋणी होती, आणि त्याच चांगुलपणात कधीकधी तिला जाड काचेच्या पेटीत ठेवल्यासारखं व्हायचं.

ती प्रसिद्धी शिकवायची. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी एक लघुपट करायचा, आणि त्याच मुलांनी तो लोकांपर्यंत न्यायची योजना आखायची, राबवायची आणि शेवटी ती कितपत साधली ते तिच्यासमोर आणि बाहेरच्या परीक्षकासमोर मांडायचं, असा तो प्रकल्प. यंदाच्या एका गटाचा लघुपट होता ‘खोली’. वडील वृद्धाश्रमात राहायला गेल्यावर त्यांची भाड्याची खोली रिकामी करायला आलेली एक मुलगी. बस, एवढीच गोष्ट. दिग्दर्शक म्हणजे गटातला ताडमाड उंच मुलगा, त्याला सगळे लंबू म्हणत. ध्वनी सांभाळणारी मुलगी कायम गळ्यात हेडफोन अडकवून फिरायची म्हणून स्टाफरूममध्ये तिचं नाव पडलं होतं कानवाली. या दोघांनी आणलेला पहिला आराखडा बघून तिला कंटाळाच आला होता. पोस्टर, ट्रेलर, रोज एक फोटो, आणि ‘प्रेक्षक कोण’ या रकान्यात ‘तरुण वर्ग’. तिने लाल पेनाने लिहिलं, ‘कोण?’ पुढच्या खेपेला आलं, ‘शहरातील संवेदनशील तरुण वर्ग’. तिने पुन्हा लिहिलं, ‘कोण?’ पूर्वीची ती असती तर खुर्ची ओढून बसली असती, तासभर त्यांच्याशी वाद घातला असता, टेबलावर हात आपटला असता. आता एका शब्दावर भागवावं लागत होतं. लंबू चिडून म्हणाला होता, ‘मॅडम, म्हणजे नक्की काय हवंय ते सांगा ना.’ आणि ती खाली बघत राहिली होती. तेवढं सगळं सांगायला तिच्याजवळ श्वासच नव्हता. कानवालीने मित्राच्या बाहीला धरून त्याला बाहेर नेलं. जाताना तिने मॅडमकडे एकदा वळून पाहिलं होतं, ते पाहणं तेव्हा तिला दयेचं वाटलं होतं आणि दिवसभर टोचत राहिलं होतं.

कँटीनमधून आल्यावर विभागाच्या बंद केबिनमध्ये तिने तो तुकडा शोधून पाहिला. ‘खोली’चा ट्रेलर होता तो. रिकाम्या खोलीची चौकट, भिंतीवर काढून घेतलेल्या कॅलेंडरचा फिकट चौकोन, खिडकीतून सरकत येणारं ऊन, आणि त्यावर तिचा आवाज. शेवटी प्रदर्शनाची तारीख. बाकी काही नाही. ट्रेलर म्हणून जे जे करू नका असं ती वर्षानुवर्षं शिकवत आली होती, त्यातलं यात एकही नव्हतं. शिक्षकाचं मन आधी खूश झालं. त्याचा तिला राग आला. हे बोलणं त्यांच्या पहिल्या वर्षातलं होतं, हेही तिला आठवलं. वर्गातले आवाज टिपून आणा, असा ध्वनीच्या सरांनी सराव दिला होता आणि एक बारीकशी मुलगी तिच्या टेबलावर यंत्र ठेवून गेली होती. सरावासाठी ठेव, असं तीच हसून म्हणाली होती. सरावासाठी. जाहिरातीसाठी नव्हे. कोणाचा चेहरा, कोणाचा आवाज त्याला विचारल्याशिवाय वापरायचा नाही, हा नियम प्रकल्पाच्या पहिल्या पानावर होता आणि तो तिनेच आग्रहाने घालून घेतला होता. वापरला तर त्या भागाचे गुण शून्य. आणि त्या व्यक्तीने हरकत घेतली तर सगळा प्रकल्पच बाद. व्यक्ती. ती स्वतःला त्या शब्दात बसवून बघत राहिली. परीक्षक ती, नियम तिचा, आणि ज्या व्यक्तीचा आवाज होता ती व्यक्तीही तीच. की ती नव्हेच? तो आवाज जिचा होता ती बाई तर आता कुठे राहिलीच नव्हती.

घरी जाताना ती नवऱ्याच्या चष्म्याच्या दुकानात शिरली. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. काउंटरवर फोन ठेवून तिने तो तुकडा लावला. नवरा हातातली फ्रेम पुसत होता. तो पुसायचा थांबला नाही, फक्त त्याचे हात सावकाश होत गेले. तुकडा संपला. ‘परत लाव,’ तो म्हणाला. तिने परत लावला. मग त्याने पाठ वळवली आणि मागच्या फळीवरच्या केसेस उगाच एका रेषेत लावायला लागला.

‘माझ्याकडे एकही नव्हता,’ तो तिकडे तोंड करूनच म्हणाला. ‘तू दवाखान्यात होतीस तेव्हा मी दोघांचेही फोन धुंडाळले. फोटो सापडले ढीगभर. व्हिडिओ म्हणावेत तर सगळे तू काढलेले. त्यात आम्हीच बोलतोय, तू कुठेच नाहीस. एकात नुसतं “सरका जरा” एवढं होतं.’

‘सांगितलं नाहीस कधी,’ ती म्हणाली. दुकानात पंखा चालू होता, म्हणून तिला ते दोनदा म्हणावं लागलं.

‘काय सांगणार? तुझ्यापुढे विषय काढायचा नाही असं ठरलंच होतं.’

‘कोणी ठरवलं?’

तो वळला. ‘कोणी नाही. ठरलं.’ मग चष्मा कपाळावर सरकवून त्याने विचारलं, ‘नापास करणार त्यांना?’

‘नियम माझाच आहे,’ ती म्हणाली.  ती निघाली तेव्हा, कधी नव्हे तो, नवरा दारापर्यंत आला.

त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला. मेसेज नव्हे, फोन. एवढ्या दिवसांत ताईने फोन केला नव्हता. उचलल्याबरोबर पलीकडून रडवेला, धावता आवाज, ‘अगं, बरी झालीस तू? मला कोणीतरी पाठवलं आत्ता. आणि मला सांगितलंसही नाही. किती छान, अगदी पहिल्यासारखी…’ तिने ताईला थांबवायचा प्रयत्न केला, पण ताईच्या बोलण्यात शिरण्याइतकी ताकद तिच्या आवाजात नव्हती. ताईचा श्वास संपेपर्यंत वाट पाहावी लागली. ‘ताई,’ ती म्हणाली, ‘जुना आहे तो.’ त्या खरखरीत शब्दांनंतर फोनमध्ये एवढी शांतता झाली की ताईच्या घरातल्या कुकरची शिट्टी स्पष्ट ऐकू आली. त्या क्षणी तिला त्या मुलांचा खरोखर संताप आला. त्यांनी तिच्या बहिणीला आशा दाखवली होती आणि ती मोडायचं काम मात्र तिच्यावर आलं होतं. उद्याच हरकतीचा अर्ज द्यायचा, असं तिने मनाशी पक्कं केलं. मग ताई नाक ओढत म्हणाली, ‘एक सांगू का? तुझा आवाज गेल्यापासून मी तुझ्याशी भांडलेच नाही. धजतच नाही. तू उलटून बोलणार नाहीस, मग काय मजा.’ ‘मग भांड की,’ ती म्हणाली. ‘कशावरून?’ ‘आईचा लाकडी देव्हारा तूच नेलास.’ ‘मी नेला? तूच म्हणालीस, घरात जागा नाही!’ आणि मग त्या दोघी चांगल्या भांडल्या. ती तुटक तुटक शब्द टाकत होती आणि ताई प्रत्येक शब्दासाठी थांबत होती, तो नीट ऐकून घेऊन मगच उखडत होती. फोन ठेवला तेव्हा तिच्या कानाची पाळी गरम झाली होती आणि घसा दुखत होता, खेळून आल्यावर पाय दुखतात तसा. अर्ज तिने लिहिला नाही. पण देणारच नाही असंही ठरवलं नाही.

प्रदर्शनाला ती गेली. कॉलेजच्या सभागृहात मागच्या दाराजवळ उभी राहिली. मुलांच्या लघुपटांना येऊन जाऊन मुलांचे मित्र येतात, अर्धे पहिल्या दहा मिनिटांत फोन बघत बाहेर पडतात, हे तिला पाठ होतं. त्या दुपारी सभागृह भरलं होतं आणि त्यात पिकलेली डोकी बरीच होती. शेजारच्या इमारतीतले रखवालदार होते. एक बाई नातवंडाला मांडीवर घेऊन बसली होती. एक गृहस्थ पायऱ्यांवर काठी आडवी धरून बसले होते आणि लोक ती ओलांडून जात होते. हे सगळे कुठून आले? पडद्यावर मुलगी वडिलांच्या खोलीतलं कपाट रिकामं करत होती, एकेक शर्ट झटकून घडी घालत होती, आणि सभागृहात कोणाचा तरी श्वास हळूच अडकला. तिने लघुपट कमी पाहिला, लोकांच्या पाठी जास्त पाहिल्या. त्यातली प्रत्येक पाठ कोणाच्या तरी बोलावण्यावरून इथे आली होती. ते बोलावणं तिचं होतं की नव्हतं, हे तिला ठरवता येत नव्हतं. उजेड झाल्यावर काठीवाले गृहस्थ तिच्याजवळून जाताना थांबले आणि म्हणाले, ‘त्या बोलावणाऱ्या बाई कोण हो? भेटायचं होतं.’ तिने नुसती मान हलवली. ती मान ‘माहीत नाही’ची होती, आणि तिचं तिलाच वाईट वाटलं.

मूल्यमापन दोन दिवसांनी झालं. लांबट टेबल, एका बाजूला ती आणि बाहेरचे परीक्षक, समोर गट. परीक्षक एका जाहिरात कंपनीत काम करणारे, बोलघेवडे, टक्कल हाताने चोळायची सवय असलेले. लंबूने आकडे मांडले, चुका मांडल्या. पोस्टरचा काडीचा उपयोग झाला नाही, रोजचे फोटो कोणी पाहिले नाहीत, ट्रेलर मात्र लोकांनीच एकमेकांना पाठवला. आलेल्यांना विचारलं तर बहुतेकांनी ‘तो आवाज’ एवढंच सांगितलं. परीक्षक खूश झाले. ‘भन्नाट निवड आहे,’ ते म्हणाले. ‘कोण कलाकार आहे ही? आमच्याकडे लागतील असे आवाज.’ टेबलाच्या त्या बाजूला कोणी वर पाहीना.

‘मी,’ ती म्हणाली.

परीक्षकांनी हसून तिच्याकडे पाहिलं, मग ते हसू त्यांच्याच चेहऱ्यावर अडकून पडलं. त्यांना संकोचातून सोडवायला तिला वेळ नव्हता. ‘परवानगी?’ तिने कानवालीला विचारलं.

‘घेतली नाही मॅडम.’

‘नियम माहीत होता?’

‘माहीत होता.’ मुलीने गळ्यातले हेडफोन काढून टेबलावर ठेवले. ‘तुम्ही सारखं “कोण?” लिहीत होतात. आम्हाला कळतच नव्हतं. मग मी जुनी रेकॉर्डिंग्ज काढून ऐकत बसले, कारण पहिल्या वर्षी तुम्ही हेच समजावून सांगितलं होतं, एवढं आठवत होतं. ते सापडलं आणि आम्हाला एकदम कळलं. ज्यांनी कधीतरी कोणाची खोली रिकामी केलीय ते. मग आम्ही घरोघरी गेलो, वृद्धाश्रमात गेलो, आणि प्रत्येक ठिकाणी तेवढं ऐकवलं. आमच्या शब्दांत सांगून बघितलं होतं, जमलं नाही.’

‘विचारायला काय झालं होतं?’

मुलीने लंबूकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. ‘भीती वाटली,’ मुलगी म्हणाली. ‘तुम्ही नाही म्हणाल याची नाही. विचारायचं म्हणजे तुमच्यासमोर त्या आवाजाचं नाव काढावं लागलं असतं. वर्षभर कोणीच काढलं नव्हतं. सुरुवात कशी करायची तेच कळेना. म्हणून… चूक झाली मॅडम. आमचा प्रकल्प बाद होऊ शकतो, ते माहीत आहे.’

परीक्षक घसा खाकरून म्हणाले, ‘मॅडम, तुमची हरकत आहे का, एवढाच प्रश्न आहे ना?’

एवढाच प्रश्न होता. खिडकीबाहेर कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. तिला ताईच्या फोनमधली ती शांतता आठवली, आणि राग पुन्हा वर आला, खराखुरा. मग आठवली त्यानंतरची भांडणाची ऊब. पाठमोरा नवरा आठवला, फळीवरच्या केसेस लावणारा, ‘परत लाव’ म्हणणारा. या मुलांनी न विचारता घरात शिरून एक बंद खोली उघडली होती. हे करायला नको होतं. आणि त्या खोलीसमोरून वर्षभर सगळी शहाणी माणसं चपला हातात घेऊन, पायरव न करता ये-जा करत होती. त्यात ती स्वतःही होती. पहिल्या वर्षी आपण बोललो, हसलो, विसरूनही गेलो. एका मुलीने ते इतकी वर्षं जपून ठेवलं, ते वाया जाऊ दिलं नाही. शिकवणाऱ्याला आयुष्यात याहून जास्त काय मिळतं? एवढं मिळालेलं घ्यायलाही धीर लागतो, हे तिला माहीत नव्हतं. डोळे भरून आले ते तिने लपवले नाहीत. ‘आत्ता विचार,’ ती म्हणाली.

कानवाली उभी राहिली. ‘मॅडम, तुमचा आवाज… म्हणजे आधीचा आवाज, आम्ही वापरू का?’

‘कुठे? कशासाठी?’

‘ट्रेलरमध्ये. लोकांना बोलावण्यासाठी.’

‘वापरा. आणि त्याची एक प्रत मला द्या. दोन द्या.’ मग तिने कागद ओढला. परवानगीच्या भागात शून्य लिहिलं आणि ते समोरच्यांना दिसेल असं फिरवून दाखवलं. प्रेक्षक-निवडीच्या भागात पैकीच्या पैकी दिले. हरकतीच्या रकान्यात ‘नाही’ लिहून सही केली. परीक्षकांनी टक्कल चोळत आपली सही त्याखाली केली. लंबूने सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की तिला हसू आलं, आणि ती हसली. खांदे हलले, तोंडातून उसासे बाहेर पडले, घशात कुठेतरी करकरलं. मुलं आधी दचकली. मग त्यांना कळलं की मॅडम हसताहेत, आणि मुलंही हसायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या वर्गाचा तास होता. पुढच्या वर्षीच्या प्रकल्पाची पहिली ओळख. तिने पडदा खाली ओढला नाही. फळ्याकडे गेली, सवयीने खडू उचलला आणि परत ठेवला. मुलं वह्या उघडून, माना खाली घालून, काय उतरवून घ्यायचं त्याची वाट पाहत होती. ‘तुम्हाला एक फिल्म लोकांपर्यंत न्यायची आहे,’ ती म्हणाली. आवाज टेबलाच्या कडेपर्यंत गेला आणि विरला. तिने श्वास घेतला. ‘सुरुवात कुठून कराल?’

वर्गात चुळबुळ झाली. कोणी कोणाकडे पाहीना. सगळे नेहमीसारखे समजून घेत होते. मग मागच्या बाकावरून एक मुलगा अर्धवट उठला, शेजाऱ्याने त्याला शर्ट धरून खाली ओढलं, तरी तो उठलाच. ‘मॅडम, सॉरी, पण मागे ऐकू येत नाही.’

 ‘बरं झालं सांगितलंस,’ ती म्हणाली. ते त्याला ऐकू गेलं नाही, म्हणून तिने हाताने खूण केली. ‘पुढे या. सगळे पुढे या.’ आणि बाक सरकायला लागले, फरशीवर करकरत, एकमेकांवर आपटत. दप्तरं पडली, कोणीतरी कोणाचा पाय चेंगरला आणि ओरडलं. बघता बघता तिच्या टेबलाभोवती मुलांचं कोंडाळं झालं, इतकं जवळ की पहिल्या रांगेच्या वह्या तिच्या टेबलावरच आल्या. तिने खुर्ची पुढे ओढली, त्यांच्या मधोमध बसली आणि बोलायला लागली.